उभ्या उभ्या

आमच्याकडे कोणी विनोद शिकायला येईल असं आमच्या पत्रिकेत नव्हतं. परदेशगमन होतं, ते झालं. इंजिनिअरिंग होतं, तेही झालं, वर एम. एस. झालं. पण २०२४ सालच्या मे महिन्यात आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक होती. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची यादी वाचली जात होती. अथर्वशीर्ष, बालगोपाळांचा नाच, ढोल-ताशा, एक लावणी (या वर्षी तरी मधेच टेप अडकू नये, अशा सूचनेसह), आणि 'युवा विभाग' या शब्दांपुढे लिहिलं होतं : स्टँड-अप. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "म्हणजे राष्ट्रगीतासारखं का?"

युवा विभाग म्हणजे कॉलेजात जाणारी सात मुलं. दोन सॅन होजे स्टेटची, दोन बर्कलीची, एक मुलगी डेव्हिसची आणि दोघं इथल्याच, म्हणजे फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजातली. त्यांची एकच अट होती. कोणीतरी कोच हवा. बैठकीतल्या सगळ्या माना आमच्या दिशेने वळल्या. कारण काय, तर मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन गेली पंधरा वर्षं आम्ही करतो, आणि तेही त्याच तीन विनोदांवर. (एकदा चौथा केला होता. तो कोणाला आठवत नाही हे उत्तम आहे.) आम्ही 'वेळ कुठे आहे हो' असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वेळ होता. का होता, ते पुढे येईलच.

इथे एक खुलासा करायला हवा. माइकसमोर आणि लिहिताना स्वतःला 'आम्ही' म्हणायची सवय आम्हांला सांगलीला लागली. वालचंद कॉलेजच्या गॅदरिंगला फिशपाँड वाचणाऱ्या समितीत आम्ही होतो. फिशपाँड म्हणजे काय हे ज्यांना महाराष्ट्रातलं कॉलेज लाभलं त्यांना सांगायला नको. कोणीतरी कोणाच्या तरी नावाने निनावी चिठ्ठी टाकायची, आणि ती भर सभेत वाचायची. चांगली चिठ्ठी निघाली की शिट्ट्या, आणि वर्मी लागली की वाचणाऱ्याने म्हणायचं, "आम्ही फक्त वाचतो हं!" आमचं विनोदाचं सगळं शिक्षण हे असं नामानिराळं राहून झालेलं. तर असे आम्ही, आता शिकवणार होतो.

वर्ग शनिवारी दुपारी आमच्या गॅरेजमध्ये भरला. मंडळाच्या घडीच्या खुर्च्या आल्या, कोणाच्या तरी घरून कॅरिओकेचा माइक आला. पहिल्या दिवशी आम्ही फक्त ऐकायचं ठरवलं. प्रत्येकाने पाच मिनिटं करून दाखवायची.

मुलं हुशार होती आणि भीड नव्हती. पण तिसऱ्या मुलाच्या वेळी आमच्या लक्षात आलं की आपण हे आताच ऐकलं. कॉस्टको, डॉक्टर किंवा इंजिनिअर, रिकाम्या आइस्क्रीमच्या डब्यात निघालेली आमटी, आणि वडिलांचा अ‍ॅक्सेंट. सात घरं, सात आया, सात वडील, पण विनोदातले आईवडील एकच. त्यातून सातही वडील एकाच आवाजात बोलत होते, आणि तो आवाज कोणाच्याच वडिलांचा नव्हता. (सातही जण आमच्या ओळखीचे. एक तर इतके हळू बोलतात की मंडळाच्या सभेत त्यांनी ठराव मांडला हे आम्हांला इतिवृत्तात कळतं.) मग तो आवाज कोणाचा? तो होता 'सिम्प्सन्स' कार्टूनमधल्या अपू नावाच्या दुकानदाराचा. १९९० पासून हँक अझारिया नावाचा गोरा नट तो आवाज काढत असे. २०१७ साली हरी कोंडाबोलू या विनोदकाराने त्यावर माहितीपट केला, वाद झाला आणि २०२० साली अझारियाने ते काम सोडलं. त्याने सोडलेला आवाज आमच्या गॅरेजात सात मुलांनी उचललेला!

आम्ही अ‍ॅक्सेंटवर बंदी घातली नाही. बंदी घातली की मुलं तेच करतात, हे त्यांच्या आईवडिलांना विचारा. एवढंच सांगितलं की पुढच्या शनिवारी प्रत्येकाने एक अशी गोष्ट आणायची, जी फक्त तुमच्याच घरात घडते. शेजारच्या मराठी घरातसुद्धा घडत नाही अशी.

दुसऱ्या शनिवारी आम्ही जरा तयारीने गेलो. म्हणजे पु. ल. घेऊन गेलो. 'बटाट्याची चाळ' त्यांनी १९६१ साली एकट्याने रंगमंचावर उभी केली, आणि पुढे तिच्या ध्वनिफिती निघाल्या. आमच्या पिढीचं बालपण त्या कॅसेट पेन्सिलीने गुंडाळण्यात गेलं. दहा मिनिटं ऐकवलं. मुलं सौजन्याने हसली. त्यांनी चाळ पाहिलेली नाही. सार्वजनिक नळ, गच्ची, जिना, भाडं, यातलं काही त्यांच्या आयुष्यात नाही. आम्ही हिरमुसलो. पण डेव्हिसची मुलगी म्हणाली, "काका, परत लाव. शब्द नको, तो कुठे थांबतो ते ऐकायचंय." (इथे वाढलेली मुलं सगळ्यांनाच अरेतुरे करतात. आम्ही त्यांच्या तोंडून 'तुम्ही' काढायचा नाद केव्हाच सोडला.) परत लावलं. आणि खरंच, शब्द बाजूला ठेवून ऐकलं तर वाक्य संपायच्या आधी एक श्वास असतो, आणि हशा त्या श्वासात आधीच जमू लागलेला असतो. तीस वर्षं ती कॅसेट ऐकतोय, हे आम्हांला एकोणीस वर्षांच्या पोरीने दाखवलं.

तिनेच पुढचा प्रश्न विचारला. आम्ही नमुना म्हणून आमचे तीन विनोद सादर करत होतो. "आम्ही जेव्हा पहिल्यांदा या देशात आलो..." अशी सुरुवात केली, आणि ती म्हणाली, "काका, 'आम्ही' कोण? काकू पण येणार आहे का स्टेजवर?"

सगळे हसले. आमच्या तीन विनोदांना मिळून जेवढे हसले नव्हते तेवढे.

आम्ही समजावू लागलो, की मराठीत अशी पद्धत असते, मोठेपणा म्हणून नव्हे, उलट आडोसा म्हणून. आणि सांगता सांगता आमच्याच ध्यानात आलं की एकपात्री आणि स्टँड-अप यांत फरक आहे तो इथेच. आपल्याकडे एकट्याने लोकांना हसवायची परंपरा जुनी. कीर्तनकार आहे, तमाशातला सोंगाड्या आहे. पण एकटा असला तरी तो एकटा नसतो. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घ्या. १९७९ पासूनचा तो प्रयोग, एक माणूस आणि बावन्न पात्रं. ते स्वतः औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते, म्हणजे हाडाचे मास्तर. बावन्न माणसं झाले, पण विभागप्रमुख देशपांडे त्या वऱ्हाडात कुठे दिसत नाहीत. 'असा मी असामी'च्या नावातच 'मी' आहे म्हणाल, तर तो मी म्हणजे धोंडो भिकाजी जोशी. पु. ल. त्याच्या मागे छान लपलेले.

स्टँड-अपवाल्याला लपायला जागा नाही. पडदा नाही, पात्र नाही, पेटी-तबला नाही. माइकची दांडी तेवढी, आणि ती लपायला फार बारीक.

ही कला या स्वरूपात वाढली तीही आमच्या खाडीपलीकडे, सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागात. तिथे 'हंग्री आय' नावाचं तळघर होतं. त्या 'आय'चा अर्थ काय यावर पंडितांत मतभेद आहेत. आम्ही आपला 'भुकेला मी' असा लावून घेतला. १९५३च्या डिसेंबरात तिथे मॉर्ट सॅल हा तरुण स्वेटर घालून, हातात वर्तमानपत्र घेऊन उभा राहिला आणि आपल्याला राजकारणाबद्दल काय वाटतं ते बोलू लागला. तोवर विनोदी नट म्हणजे कोट, टाय आणि सासूवरचे विनोद. जवळच 'पर्पल अन्यन' होतं. तिथे १९५५च्या मार्चमध्ये फिलिस डिलर पहिल्यांदा उभी राहिली. वय ३७, पाच मुलांची आई, राहणार अलामेडा, म्हणजे आमच्याच कौंटीतली बाई. तिने स्टेजसाठी 'फँग' नावाचा एक नवरा रचला आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडली. म्हणजे तिनेही थोडा आडोसा केलाच होता. हे ऐकून आम्हांला बरं वाटलं. मुलांना मात्र ३७ व्या वर्षी कोणी काही सुरू करतं याचंच नवल वाटलं.

आता थोडं तांत्रिक. इंजिनिअर माणूस, राहवत नाही.

मुलांना कार्यक्रमात निम्मं तरी मराठी बोलायचं होतं, आजी-आजोबांसाठी. आणि इथे एक गंमतीची अडचण आली. इंग्रजीत जमलेला विनोद मराठीत आणला की पडायचा. शब्द तेच, भाव तोच, तरी हशा नाही. दोन शनिवार डोकं खाजवल्यावर कारण सापडलं : क्रियापद! विनोदाचा साधा नियम असा, की ज्या शब्दाने धक्का बसतो तो अगदी शेवटी हवा. त्याच्यानंतर काहीही बोललात की लोक हसायचे थांबून ऐकू लागतात. इंग्रजीत तो शब्द शेवटी ठेवता येतो. मराठीत शेवटी बसलंय क्रियापद, दारात बसलेल्या आजोबांसारखं. ओलोनीच्या एका मुलाचं वाक्य होतं, "बाबा दूध आणायला कॉस्टकोला गेले आणि कयाक घेऊन आले." इथे गंमत आहे 'कयाक'मध्ये, पण 'घेऊन आले' तिच्यावर पांघरूण घालतं.

यावरचा तोडगा आमचा नाही, तमाशातल्या बतावणीचा आहे. तिथे दोघं असतात, एक विचारतो, दुसरा सांगतो. प्रश्नातच क्रियापद वापरून टाकायचं, म्हणजे उत्तरात नुसता शब्द उरतो. "बाबा गेले कॉस्टकोत. कशाला? दूध आणायला. आणलं काय? कयाक!" गॅरेज हसलं. आणि त्या मुलाने आपणहून वर जोडलं, "दूध राहिलंच." या वेळी क्रियापदच शेवटी होतं आणि हशा आधीपेक्षा मोठा आला. तेव्हा नियम समजले तरी नियमांवर फार विसंबू नये.

आम्ही प्रत्येकाचं फोनवर ध्वनिमुद्रण करून तक्ताही बनवला. कितव्या सेकंदाला हशा, किती सेकंद टिकला, कोण हसलं. (आई हसली तर अर्धा गुण.) वीस सेकंद कोरडी गेली की त्या ओळीखाली लाल रेघ. मुलं तक्त्यावर हसायची, पण घरी जाऊन लाल ओळी बदलून आणायची. सॅन होजेच्या एका कॅफेत ओपन माइक असतो, तिथेही दोनदा नेलं. तीन मिनिटं संपत आली की मागून कोणी टॉर्च दाखवतं. बर्कलीचा एक मुलगा पहिल्या वेळी असा आपटला की टॉर्च दिसल्याबरोबर त्याने "थँक यू!" म्हटलं, आणि त्यालाच त्या रात्रीचा त्याचा एकमेव हशा मिळाला. गाडीत कोणी बोललं नाही. परतीच्या वाटेवर सनीव्हेलला एल कॅमिनोवर 'रूस्टर टी. फेदर्स' हा विनोदाचा क्लब लागतो, तिथे आम्ही मुद्दाम गाडी बाजूला घेतली. क्लब १९८४ चा. त्याआधी तिथे 'अँडी कॅप्स' नावाचं दारूचं दुकान होतं, आणि १९७२ साली अटारी कंपनीने आपला 'पाँग' हा खेळ पहिल्यांदा तिथे लावून पाहिला. काही दिवसांत मशीन बंद पडलं म्हणून तक्रार आली. अ‍ॅल अल्कॉर्न हा इंजिनिअर दुरुस्तीला गेला, तर नाण्यांचा डबा भरून ओसंडत होता, म्हणून ते चालेना. आम्ही त्या मुलाला म्हटलं, "बंद पडलेलं सगळंच बिघडलेलं नसतं." तो म्हणाला, "काका, माझ्या डब्यात नाणीच नव्हती." वाक्य चांगलं होतं. आम्ही तक्त्यात लिहून घेतलं.

जुलैत नाइल्सला नेलं. नाइल्स हे फ्रीमाँटचंच एक गाव. १९५६ साली पाच गावं एकत्र करून फ्रीमाँट शहर झालं, त्यांतलं हे. तिथे एसने कंपनीचा स्टुडिओ होता, आणि १९१५च्या सुरुवातीला चार्ली चॅप्लिन तिथे काही आठवडे राहून काम करत होता. वय २५. त्या मुक्कामातला 'द ट्रॅम्प' एप्रिल १९१५ मध्ये आला. शेवटी तो भटक्या गाठोडं घेऊन रस्त्याने पाठमोरा चालत जातो, खांदे पडलेले, आणि मग एकदम अंग झटकून, पाय उडवून झपझप निघतो. तो रस्ता नाइल्सच्या घाटातला. आम्ही त्या रस्त्याने अठरा वर्षं ये-जा करतो. तिथल्या छोट्या संग्रहालयात मूकपट पियानोच्या साथीवर दाखवतात, तिथे बसून मुलांनी तो पाहिला. बाहेर आल्यावर ओलोनीचा दुसरा मुलगा, जो वर्गात सहसा बोलत नसे, म्हणाला, "त्याची पाठ फनी आहे." आणि आमच्याकडे बघून गप्प झाला. आम्हांला वाटलं, लाजला.

सत्य किती आणि रचलेलं किती, यावर एक शनिवार भांडणात गेला. डेव्हिसला जन्मलेला आणि तिथेच शिकलेला हसन मिन्हाज हा या मुलांचा देव. २०२३ साली 'न्यूयॉर्कर'ने लिहिलं की त्याच्या काही गोष्टी सांगितल्या तशा घडलेल्या नाहीत, आणि त्याने 'भावनेचं सत्य' असा बचाव केला. डेव्हिसची मुलगी त्याच्या बाजूने, बर्कलीवाले विरोधात. आम्ही निकाल दिला नाही. आमच्याकडून एकच नियम होता, तोही या धंद्याचा पहिला नियम म्हणून सांगितलेला : दुसऱ्याचं चोरायचं नाही. ज्याची गोष्ट त्याने सांगायची.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी तो अबोल मुलगा माइकपाशी गेला. उन्हाळ्यात तो लेक एलिझाबेथच्या शेजारच्या वॉटरपार्कात लाइफगार्ड होता. त्याने सांगायला सुरुवात केली, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. तळ्यावर रोज सकाळी साडेनऊला एक देसी अंकल येतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग, गळ्यात ऑफिसची दोरी. दोरीला बिल्ला नाही. वाटेत कॅनडा गीजचा कळप बसलेला असतो. अंकल थांबतो, सवयीने दोरी हातात धरून पुढे करतो, आणि ते पक्षी बाजूला होतात, दार उघडल्यासारखे. बाराला बाकावर बसून डबा खातो. डबा संपला की फोन कानाला लावून मोठ्याने इंग्रजीत मीटिंग करतो, आणि लाइफगार्डच्या उंच खुर्चीवरून दिसतं की फोन बंद आहे.

गॅरेज नुसतं लोळत होतं. प्रत्येक वाक्य जागच्या जागी, एकही लाल रेघ नाही. आम्हीही हसत होतो, सगळ्यांत मोठ्याने. तक्त्याचा कागद हातात ओला झाला होता.

मंडळी, तो अंकल आम्ही.

मार्च महिन्यात आमची नोकरी गेली. चौदा वर्षांची. कंपनीचं नाव कशाला, तेव्हा खोऱ्यात सगळीकडेच चाललं होतं. सकाळी अकराला बोलावलं, साडेअकराला आम्ही पार्किंगमध्ये. बिल्ला परत घेतला. दोरी म्हणाले राहू दे. घरात बायकोला माहीत होतं. मुलीला सांगायचं लांबवलं. आणि एप्रिलच्या शेवटी सासू-सासरे कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आले. जावई घरी बसलाय हे त्यांना दिसू नये म्हणून रोज आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, डबा, आणि लेक एलिझाबेथ. चूक म्हणा, भित्रेपणा म्हणा. फोनवरची मीटिंगही खरी. म्हणजे खोटी, पण करत होतो ते खरं. बाकावरच्या शेजाऱ्याला आपण बेकार वाटू नये म्हणून. शेजारी बहुतेक वेळा बदक.

वर्ग सुटल्यावर तो मुलगा मागे राहिला. खुर्च्या घडी करता करता म्हणाला, "काका, गणपतीत करू का? नको असेल तर नको." म्हणजे त्याला माहीत होतं. उंच खुर्चीवरून चेहराही दिसतो. आम्ही 'नाही' म्हणू शकलो असतो. कोचला तो अधिकार असतो. 'कर' असंही म्हणू शकलो असतो, नाव थोडंच येणार होतं. फिशपाँडसारखंच, आम्ही फक्त ऐकतो.

आम्ही म्हणालो, "दुसऱ्याचं चोरायचं नाही. गोष्ट आमची आहे. आम्ही सांगतो."

तो म्हणाला, "मग 'आम्ही' नाही म्हणायचं."

त्या रात्री मुलीला सांगितलं. तिला जूनपासूनच माहीत होतं. या वयाच्या मुलांपासून काही लपतं हा आईबापांचा निव्वळ समज.

सप्टेंबरच्या मध्याला कार्यक्रम झाला. शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं. सातही मुलांनी छान केलं. कयाकवर आजी-आजोबा हसले. दुधावर तर टाळ्या पडल्या. त्या मुलाचे बाबा, जे वर्षानुवर्षं मुलाच्या विनोदात आपलं काय येतंय या भीतीने पहिल्या रांगेत बसत नाहीत, ते या वेळी उठून उभे राहिले. (कयाक खरंच आहे. गॅरेजात टांगलेली आहे.) मग आमचा नंबर. सूत्रसंचालक म्हणून नव्हे, आठवा विद्यार्थी म्हणून. चार मिनिटं. तिसऱ्या रांगेत सासू-सासरे.

माइक हातात घेतला आणि तोंडातून निघालं, "आम्ही..." विंगेत डेव्हिसची मुलगी दोन्ही हातांनी फुली दाखवत होती. सभागृहात कोणाला काही कळायच्या आत आम्ही थांबलो, तो श्वास घेतला आणि म्हणालो, "मी. मार्चमध्ये माझी नोकरी गेली."

कोणी हसलं नाही. आमच्या हिशोबाने तीन सेकंद असतील. तीन सेकंदांत माणूस किती वेळा मरतो ते तक्त्यात येत नाही. मग म्हणालो, "चौदा वर्षांनी कंपनीकडून मिळालं काय? दोरी." आणि खिशातून काढून दाखवली. शेवटच्या रांगेतून एकच माणूस हसला, एकदम, ठसका लागल्यासारखा. मग इकडून एक, तिकडून एक. पक्ष्यांच्या जागी सगळं सभागृह हसलं. मीटिंगच्या जागी हसता हसता काही जण थांबले. हे आम्ही स्टेजवरून पाहिलं, पण त्याचं काय करायचं ते अजून शिकलेलो नाही. शेवटची दोन वाक्यं विसरलो. टॉर्च दिसला, "थँक यू" म्हणून उतरलो.

सासरे वीज मंडळातून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. मसालेभाताच्या रांगेत आमच्यामागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "मला मे महिन्यातच शंका आली होती. ऑफिसातून येणाऱ्या माणसाच्या पँटीला गवत नसतं." थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "उद्यापासून दोन डबे भरायला सांगतो. मलाही घरात कंटाळा येतो."

श्रीखंडाच्या टेबलापाशी एक गृहस्थ आले. ओळख केवळ नमस्कारापुरती. इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "माझी मे मध्ये." त्यांच्या बोलण्याचा कानोसा घेत दुसरे आले, "माझी गेल्या नोव्हेंबरात. घरी माहीत आहे, मंडळात नाही." त्यांच्याच आवाजावरून आम्ही ओळखलं, शेवटच्या रांगेतला ठसका यांचा. तिसऱ्यांनी महिना सांगितला नाही. हातातल्या पुरीकडे बघत राहिले आणि मग विचारलं, "तळ्याच्या कुठल्या बाजूला सावली असते हो?"